वृषणकोशात हवा: कुठून आली आणि किती घाबरायचं?

सोनोग्राफीच्या किंवा सीटी स्कॅनच्या रिपोर्टात कधीकधी एक ओळ येते: ‘वृषणकोशात सबक्युटेनियस एम्फिसिमा’. काही रेडिओलॉजिस्ट त्यालाच ‘न्यूमोस्क्रोटम’ लिहितात. घरातलं कुणीतरी ते शब्द मोबाइलवर शोधतं आणि एकाच बैठकीत दोन टोकांच्या गोष्टी वाचतं. एक पान सांगतं, ताबडतोब ऑपरेशन केलं नाही तर माणूस हातचा जाईल. दुसरं सांगतं, काही करू नका, आपोआप विरेल. पंचाईत अशी की दोन्ही खरं आहे. फक्त वेगवेगळ्या रुग्णांबाबत. आपला रुग्ण त्यातला कोणता, हे डॉक्टर कसं ठरवतात ते समजून घेऊ.

## त्वचेखाली हवा म्हणजे काय?

वृषण ज्या पिशवीत असतात ती पिशवी म्हणजे वृषणकोश. तिची कातडी पातळ आणि सैल असते, खाली चरबीचा थर जवळपास नसतो. त्यामुळे थोडीशी हवा शिरली तरी ती लगेच फुगून दिसते. स्त्रियांमध्ये हीच गोष्ट योनिमार्गाबाहेरच्या ओठांत होऊ शकते. कातडीखाली अशी हवा साठली की तिला सबक्युटेनियस एम्फिसिमा म्हणतात. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या फुप्फुसांचा एम्फिसिमा हा निराळा आजार आहे. दोघांचं नातं नावापुरतं.

बोटाने हलकं दाबलं की कातडीखाली कुरकुर जाणवते. हवेचे बारीक बुडबुडे जागा सोडून सरकतात, त्याची ती जाणीव. डॉक्टर तिला क्रेपिटस म्हणतात. ही खूण इतकी स्पष्ट असते की ती ओळखायला अनुभवी सर्जनला मशीन लागत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या फोटोत मात्र ती कधीच दिसत नाही, आणि संकोचापायी लोक नेमका फोटोच पाठवतात.

पिशवी फुगली म्हणजे दर वेळी हवाच असेल असंही नाही. हायड्रोसीलमध्ये पाणी असतं. हर्नियात आतडं खाली उतरतं, आणि आतड्यात वायू असतोच. त्यामुळे एक्स-रेवर वृषणकोशात हवा दिसू शकते. पण ती आतड्याच्या आत कोंडलेली असते, कातडीखाली मोकळी पसरलेली नसते. ती सूज आडवं पडल्यावर आत जात नसेल आणि दुखत असेल तर तीही तातडीचीच बाब आहे, फक्त उपचार वेगळा.

## ओल एका मजल्यावर, गळती दुसऱ्या

इमारतीत पहिल्या मजल्याच्या छताला ओल आली की प्लंबर आधी वरचे मजले बघतो, कारण पाणी पाइपाच्या कडेकडेने, भिंतीच्या पोकळीतून कुठून कुठे जातं. वृषणकोशातल्या हवेचंही तसंच आहे. ती जिथे दिसते तिथेच उगम असेल असं नाही. म्हणून ही हवा हा आजार नव्हे; कुठेतरी गळती किंवा संसर्ग आहे, एवढंच ती सांगते.

शरीरात अशा पोकळ्या नेमक्या कुठे आहेत? स्नायूंवर आणि कातडीखाली पातळ पण चिवट पडद्यांचे थर असतात; त्यांना फॅशिया म्हणतात. वृषणकोशाच्या कातडीखालचा थर वर ओटीपोटाच्या आणि पोटाच्या कातडीखालच्या थरात मिसळतो, आणि तिथून छातीकडे वाट मोकळी असते. मांडीच्या बाजूला मात्र हा पडदा हाडाला घट्ट चिकटलेला आहे, म्हणून हवा किंवा जंतुसंसर्ग पोटावर सहज चढतो, मांडीत सहसा उतरत नाही. दुसरी वाट आतली. पोटाच्या पिशवीमागची जागा वर छातीच्या मध्यभागाशी जोडलेली असते, आणि खाली जांघेतल्या बोगद्यातून वृषणाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या-नळ्यांच्या जुडग्याबरोबर थेट वृषणकोशात उतरते.

या वाटा कळल्या की कारणांची यादी पाठ करायला लागत नाही. हवा तिथेच तयार होते, लांबून वाट काढत येते, नाहीतर बाहेरून आत शिरते.

लांबून येणाऱ्या हवेचा उगम बहुतेक वेळा छातीत किंवा आतड्यात असतो. बरगडी मोडून फुप्फुसाला भोक पडलं, छातीत घातलेली नळी नीट बसली नाही, दम्याचा जोरदार झटका आला किंवा व्हेंटिलेटरच्या दाबाने फुप्फुसाचे बारीक फुगे फुटले, की हवा मान, छाती, पोट असं करत खाली येते. कोव्हिडच्या लाटांत व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत कातडीखाली हवा भरल्याचं डॉक्टरांनी पुष्कळ पाहिलं. पोटाच्या बाजूने बघायचं तर अल्सर फुटणं, मोठ्या आतड्याला भोक पडणं, कोलोनोस्कोपीत (मोठं आतडं आतून दुर्बिणीने बघण्याच्या तपासणीत) क्वचित होणारी इजा, गुदाशयाची जखम ही कारणं. दुर्बिणीच्या ऑपरेशनसाठी पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, तो वायूही कधीकधी वृषणकोशात उतरतो. जांघेच्या हर्नियाचं दुर्बिणीने ऑपरेशन झालं असेल तर हे फार नवलाचं नाही. कार्बन डायऑक्साइड रक्तात पटकन विरघळतो आणि सूज बहुधा एक-दोन दिवसांत ओसरते.

बाहेरून शिरणाऱ्या हवेत मार लागून झालेली जखम, त्या भागाचं ऑपरेशन, स्वतः टोचून घेतलेली हवा हे सगळं येतं. आणि एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. कारखान्यात किंवा गॅरेजमध्ये ‘मस्करी’ म्हणून कामगाराच्या गुदद्वाराशी एअर कॉम्प्रेसरची नळी लावल्याच्या आणि त्यात जीव गेल्याच्या बातम्या पुण्यासह देशात अनेक ठिकाणांहून आल्या आहेत. अशा कॉम्प्रेसरचा दाब १०० पीएसआयच्या आसपास असू शकतो. आतडं फाटायला त्याचा अगदी लहानसा अंश पुरतो. कपडे अंगावर असले तरी फरक पडत नाही. ही मस्करी नाही, आणि असं काही झालं असेल तर माणूस हिंडता-फिरता दिसत असला तरी दवाखान्यात न्यायचाच.

नवजात बाळात वृषणकोश अचानक फुगून त्यात हवा दिसली तर आतडं फुटल्याचा संशय आधी घेतात, कारण बाळात पोटापासून वृषणकोशापर्यंतची वाट बऱ्याचदा उघडीच असते.

## सगळ्यात आधी एकच शंका: गँगरीन

हवा तिथल्या तिथे तयार होणं, हे सगळ्यांत धोक्याचं. ऑक्सिजन कमी असलेल्या, मरत चाललेल्या मांसात काही जंतू साखर आंबवून वायू सोडतात. त्यातला कार्बन डायऑक्साइड रक्तात विरघळून जातो. हायड्रोजन आणि नायट्रोजन सहज विरघळत नाहीत, म्हणून ते साठतात. जननेंद्रियं आणि गुदद्वार यांच्या परिसरात फॅशियाच्या थरातून झपाट्याने पसरणाऱ्या अशा संसर्गाला फोर्नियर गँगरीन म्हणतात. पॅरिसचे डॉक्टर जाँ-आल्फ्रेड फोर्निये यांनी १८८३ मध्ये पाच तरुणांचं वर्णन केलं: धडधाकट माणसं, अचानक सुरुवात, कारण सापडेना. आज चित्र बदललं आहे. रुग्ण बहुतेक मध्यमवयीन किंवा वयस्कर असतो, त्याला अनेकदा मधुमेह असतो किंवा दारूचं व्यसन असतं, आणि शोधलं तर उगमही बहुधा सापडतो: गुदद्वाराजवळचं गळू, लघवीच्या मार्गातला अडथळा किंवा कॅथेटरची (लघवीसाठी घातलेल्या नळीची) इजा, जांघेतला दुर्लक्षित फोड. बायकांनाही हा आजार होतो. बाळंतपणातल्या टाक्यांपासून किंवा योनीच्या तोंडाशी झालेल्या गळवापासून सुरू होऊ शकतो.

यात एकाच वेळी अनेक प्रकारचे जंतू असतात. ते बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या करतात, वरच्या कातडीचा रक्तपुरवठा तुटतो आणि ती काळी पडते. म्हणजे वर डाग दिसायच्या आधी खाली बरंच काही मेलेलं असतं. वृषण मात्र बहुतेक वेळा वाचतात, कारण त्यांची धमनी वेगळी, थेट पोटातल्या महाधमनीतून येते. अनेक रुग्णालयांच्या जुन्या नोंदींत मृत्यूचं प्रमाण २० ते ४० टक्के आहे. ते कमी करणारी मुख्य गोष्ट म्हणजे लवकर केलेलं ऑपरेशन.

सुरुवातीची खूण फसवी असते: दिसायला थोडी सूज, थोडी लाली, आणि दुखणं मात्र त्या मानाने कितीतरी जास्त. सोबत ताप, धाप, नाडी जलद, साखर एकाएकी वाढलेली, माणूस असंबद्ध बोलतोय, जागेला घाण वास, अशी एखादी गोष्ट जरी असली तरी वाट बघायची नाही.

## दुखत नाही, मग थांबलं तर चालेल?

दुखणं नाही, ताप नाही, कातडीचा रंग नेहमीसारखा आणि कुरकुर तेवढी आहे, असं असेल तर हवा वाटेने आलेली असण्याची शक्यता जास्त. संसर्गाची शक्यता कमी होते. पण थांबायला परवानगी मिळाली असा याचा अर्थ नाही, कारण उगम फुप्फुसात किंवा आतड्यात असला तर तो तितकाच गंभीर असू शकतो. वयस्कर माणसात, किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर, आतडं फुटूनही पोट फारसं दुखत नाही.

मधुमेहात नसा बधिर झालेल्या असू शकतात, त्यामुळे गँगरीनसुद्धा कमी दुखू शकतं. त्याहून वाईट एक प्रकार आहे. दोन दिवस भयंकर दुखणारी जागा अचानक शांत होते आणि घरचे म्हणतात, ‘गोळ्यांनी गुण आला.’ तिथल्या नसा मेल्या की दुखणं थांबतं. लाली वाढते आहे आणि दुखणं कमी होतंय, ही जोडी चांगली नाही.

उलट बाजूनेही बघायला हवं: कुरकुर नाही म्हणून गँगरीन नाही, असं म्हणता येत नाही. फोर्नियरच्या कितीतरी रुग्णांत बोटाला हवा लागतच नाही.

## तपासणीत डॉक्टर काय करतात

‘अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर’ ही म्हण आपल्याकडे उगाच नाही. पण इथे तपासणी पूर्ण कपडे काढूनच होते, आणि तसा आग्रह धरणारा डॉक्टर आपलं काम नीट करतोय असं समजा. वृषणकोश उचलून मागची बाजू, जांघांच्या घड्या, गुदद्वाराच्या भोवती, सगळं बघावं लागतं. पहिला काळा ठिपका बहुधा अशाच ठिकाणी दडलेला असतो. लालीच्या कडेने पेनाने रेघ मारून वेळ लिहितात. थोड्या वेळाने लाली रेघेबाहेर गेली तर आणखी पुराव्याची गरज उरत नाही. तासाला दोन-तीन सेंटिमीटर वेगाने हा संसर्ग पसरल्याच्या नोंदी आहेत.

नंतर हात वर सरकतो: ओटीपोट, पोट, छाती, मान. कुरकुर मानेपर्यंत लागली तर नजर फुप्फुसाकडे वळते. पोट फळीसारखं कडक असेल तर आतड्याकडे. गुदद्वारातून बोट घालूनही तपासतात. ते कुणालाच आवडत नाही, पण तिथलं गळू किंवा जखम नेमकी त्यात कळते.

प्रश्नही अवघड विचारले जातात. गेल्या काही दिवसांत ऑपरेशन, कोलोनोस्कोपी, कॅथेटर, दाताचं काम? छातीला मार? त्या जागी काही टोचलं, काही वस्तू वापरली, शरीरसंबंधात काही झालं? उत्तर देताना नातेवाइकांना बाहेर पाठवा असं सांगायचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे. लपवलेल्या एका गोष्टीमुळे सहा तास चुकीच्या दिशेला जाऊ शकतात.

रक्तात पांढऱ्या पेशी, हिमोग्लोबिन, सोडियम, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारं), साखर आणि सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारं प्रथिन) बघतात. या सहांना गुण देऊन धोका मोजायची एक पद्धत २००४ पासून प्रचलित आहे. गुण जास्त आले तर संशय पक्का होतो; कमी आले तर निश्चिंत होता येत नाही, कारण कमी गुणांच्या रुग्णांतही हा आजार निघालेला आहे.

छातीचा उभ्याने काढलेला एक्स-रे स्वस्त आहे, तालुक्याच्या गावीही होतो, आणि एकाच फिल्मवर दोन गोष्टी सांगतो: फुप्फुसाभोवती हवा आहे का, आणि छाती-पोटामधल्या पडद्याखाली आहे का. सोनोग्राफीत हवेमागे एक धूसर सावली पडते आणि वृषणाचा रक्तप्रवाह बघता येतो. पण गळती शोधायला सगळ्यात उपयोगी सीटी स्कॅन. त्यात हवा काळी दिसते, चरबीही काळपटच, म्हणून रेडिओलॉजिस्ट पडद्यावर फुप्फुस बघायची सेटिंग लावतो. तेव्हा चरबी करडी होते आणि हवेचे बारीक कप्पे तेवढे काळेभोर उरतात. ते कप्पे वर वर शोधत गेलं की वाट सापडते.

माणसाचा रक्तदाब पडतोय आणि कातडी काळी पडली आहे, अशा वेळी मात्र स्कॅनच्या रांगेत थांबणं चूक. सर्जन छोटी चीर देऊन बोट आत घालतो. निरोगी थर बोटाला सहज वाट देत नाही आणि त्यातून रक्त येतं. मेलेला थर विनासायास सुटतो, रक्त येत नाही, राखाडी रंगाचं पातळ दुर्गंधी पाणी येतं. तिथेच निदान झालं आणि तिथेच ऑपरेशन सुरू.

## भारी अँटिबायोटिक दिलं तर ऑपरेशन टळणार नाही का?

हा प्रश्न प्रत्येक घरात विचारला जातो आणि तो विचारणं साहजिक आहे. औषध रक्तातून जातं. मेलेल्या मांसाला रक्त पोचत नाही, म्हणून औषधही पोचत नाही, आणि जंतू नेमके तिथेच असतात. अँटिबायोटिक शिरेतून लगेच सुरू करतातच, पण ती जिवंत भाग राखण्यासाठी. मेलेला भाग काढावाच लागतो. एका ऑपरेशनात बहुधा भागत नाही; एक-दोन दिवसांनी पुन्हा उघडून बघतात आणि नव्याने मेलेलं काढतात. जखमेवर शौच लागू नये म्हणून काही रुग्णांत पोटावर तात्पुरता शौचमार्ग काढावा लागतो. नंतर मांडीची कातडी लावून जखम झाकतात. हे दीर्घ, खर्चिक आणि दमवणारं आहे, आणि आधी सांगितलेलं बरं.

आधुनिक सोयी, सर्जन आणि आयसीयू एकत्र असलेलं जवळचं ठिकाण म्हणजे बहुतेकदा सरकारी मेडिकल कॉलेज किंवा मोठं रुग्णालय. १०८ ला फोन करताना ‘गुप्तांगाला सूज’ एवढंच न सांगता ताप, मधुमेह, शुद्ध कशी आहे, तेही सांगा.

## मधुमेहाच्या त्या गोळीचं काय?

मार्च २०२५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळीचं भारतातलं पेटंट संपलं, अनेक कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या आल्या आणि किंमत एकदम उतरली. त्याच गटातलं डापाग्लिफ्लोझिन त्याआधीच स्वस्त झालं होतं. या गटाच्या गोळ्या रक्तातली जादा साखर लघवीवाटे बाहेर काढतात. लघवीत साखर उतरते म्हणून त्या जागी बुरशीची खाज बऱ्याच जणांना होते. आणि सोबतच्या कागदावर फोर्नियर गँगरीनचा इशारा असतो, तो वाचून लोक गोळी बंद करतात.

इशारा आला तो असा. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २९ ऑगस्ट २०१८ रोजी जाहीर केलं की मार्च २०१३ ते मे २०१८ या काळात या गोळ्या घेणाऱ्या १२ जणांना फोर्नियर झाल्याची नोंद आली आहे. सात पुरुष, पाच स्त्रिया. २०१७ या एकाच वर्षात तिथे सुमारे १७ लाख लोक या गोळ्या घेत होते. पुढे डापाग्लिफ्लोझिनच्या १७ हजारांहून अधिक रुग्णांवरच्या मोठ्या चाचणीत फोर्नियरचे सहा रुग्ण निघाले: गोळी घेणाऱ्यांत एक, आणि औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत पाच. अवघ्या सहा रुग्णांवरून गोळी आजारापासून वाचवते असं म्हणणं धाडसाचं ठरेल, पण गोळीमुळे धोका फार वाढतो असंही त्यातून दिसत नाही. हृदय आणि किडनीला तिचा फायदा सिद्ध झालेला आहे. माझं मत सरळ आहे: स्वतःच्या मनाने बंद करू नका, स्वच्छता ठेवा, खाज असेल तर डॉक्टरांना सांगा, आणि त्या भागात दुखणं-सूज-लाली यांच्याबरोबर ताप किंवा अशक्तपणा आला तर त्याच दिवशी दाखवा.

## सुईने हवा काढून टाकली तर?

काढू नका, कुणाला काढू देऊ नका. कातडीखालची हवा आपोआप शोषली जाते. साध्या हवेतल्या नायट्रोजनला जास्त दिवस लागतात, म्हणून काही वेळा मास्कने ऑक्सिजन देऊन तो लवकर बाहेर काढतात. गळती बंद झाली की काही दिवसांत सूज उतरते. चालू असेल तर सुईने काढलेली हवा संध्याकाळपर्यंत परत भरते, आणि सुईबरोबर जंतू आत जातात ते वेगळेच.

## आणि कारण सापडलंच नाही तर?

छाती आणि पोटाचं स्कॅन झालं, संसर्ग नाही, माणूस ठणठणीत आहे, तरी हवा आहे, असंही घडतं. तेव्हा ‘कारण अज्ञात’ लिहून लगेच घरी पाठवणं घाईचं होतं. रुग्णाला निदान एखादा दिवस ठेवून घेतात, कुरकुरीची हद्द आखून पुन्हा पुन्हा तपासतात, रक्त पुन्हा बघतात आणि इतिहास पुन्हा, शक्यतो रुग्ण एकटा असताना, विचारतात. पहिल्या वेळी न सांगितलेली गोष्ट दुसऱ्या वेळी बाहेर येते, हा सार्वत्रिक अनुभव. लघवीचा मार्ग किंवा गुदाशय यावर संशय राहिला तर दुर्बिणीने बघतात. फोर्नियरमधून उठलेल्या माणसाचीही, उगम गुदाशयाच्या बाजूला असेल तर, जखम भरल्यावर कोलोनोस्कोपी करून घ्यायला सांगतात, कारण गुदद्वाराजवळच्या गळवामागे मोठ्या आतड्याचा कर्करोग दडलेला असल्याचं काही रुग्णांत नंतर निघतं.